इंजन रिकामं चालतं तेव्हा

कोलशेतच्या भातगिरणीचं इंजन भरडायला लागलं की बिनबोभाट चालायचं. भात भरलेला, पट्टा ताणलेला, मग दिवसभर एका लयीत धापा टाकत राहायचं. पण भात संपला, पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला आणि इंजन नुसतं रिकामं फिरायला लागलं, की त्याच्या अंगात यायचं. आधी असं उधळायचं की भिंतीच्या चुन्याच्या खपल्या पडायच्या. मग दम कोंडल्यासारखं मंद व्हायचं, इतकं मंद की आता बंद पडलंच म्हणेस्तोवर पुन्हा उधळायचं. काम असलं की शहाणी आणि काम नसलं की वेडी, अशी माणसं चिकार असतात हो, पण लोखंडाने असं का वागावं ते गिरणीत कोणालाच कळत नव्हतं.

सगळ्यांत कमी कळत होतं ते दामाजीला, आणि इंजन चालवायचा तोच. अर्धं आयुष्य मिठागरात पायांची सालं काढून घेतल्यावर, गोपीनाथशेटनी मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यातून हे जुनं इंजन आणलं तेव्हा, तो बंबापाशी कोळसा टाकायला लागला. दोन वर्षांनी वाफेची चावी त्याच्या हातात आली. त्यालाही सहा वर्षं होऊन गेली. आगरातल्या गड्याला शेटनी इंजनवाला केला म्हणून गावाने तेव्हा तोंडात बोटं घातली होती. आता तेच गाव त्याला पाहून तोंड फिरवत होतं.

कारण मार्गशीर्षात दामाजीच्या जावयाचा हात गेला होता. काळुराम त्याचं नाव. पट्टा एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवायचं काम त्याचं. त्या सकाळी इंजन रिकामं फिरत होतं, काळुराम काठी लावून पट्टा ढकलत होता, आणि इंजन एकाएकी उधळलं. पट्टा उसळला, काठी ओढली गेली, काठीबरोबर उजवा हात. डॉक्टरने तो कोपराखाली काढला. गाव म्हणालं, सासऱ्याने बघितलं न बघितलं आणि वाफ सोडली. आणि दामाजीची पोर, काळुरामची बायको शालू, त्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

गिरणीच्या खळ्यावर भात वाळत घालायचं काम ती करायची. दामाजी इंजनघराच्या दारात उभा राहिला की तिची पाठ फिरायची. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला, आता शिमगा तोंडावर आला. तीन महिने पोरीची पाठ बघून माणूस खंगतो, तसा दामाजी खंगला होता.

बरं, 'मी नाय केलं' असं त्याने ठणकावून सांगावं, तर तेही जमेना. हात चावीवर होता, एवढं त्याला आठवत होतं. पण चावी फिरवली का? खिडकीतून खाडीतल्या मचव्याकडे नजर गेली होती का? तंबाखूची चंची काढायला वळलो होतो का? रोज तो स्वतःला विचारायचा आणि रोज वेगळं उत्तर यायचं. शेवटी शेवटी तर त्याला आपला हात चावी फिरवताना डोळ्यांपुढे दिसायला लागला. खरंच दिसला होता की गावाच्या बोलण्याने दिसायला लागला, ते देव जाणे.

गोपीनाथशेट सरळ माणूस, पण गरम डोक्याचा. त्यांनी कल्याणहून विश्राम मिस्त्रीला बोलावणं पाठवलं. निरोप सगळ्यांदेखत दिला, म्हणजे दामाजीच्या कानावर पडावा.

"इंजन खराब असेल तर इंजन मोडीत काढतो. माणूस खराब असेल तर माणूस काढतो. एकदाचा निकाल लावा म्हणावं."

विश्राम मिस्त्री सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरला आणि तिथून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत कोलशेतला आला. तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात घालवलेला, साठीला टेकलेला माणूस. आल्या आल्या इंजनघराच्या उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही गुडघे चोळू लागला.

"आधी पाणी," तो म्हणाला. "मग तुमचं इंजन."

दामाजीने तांब्या आणला. मिस्त्री घटाघटा पाणी प्यायला, मग मिशी पुसून त्याने वर बघितलं.

"तुम्हीच का ते दामाजी?"

"होय."

"झोप लागते का रात्री?"

दामाजीला हे अगदी अनपेक्षित होतं. इतक्या दिवसांत त्याला कोणी असं काही विचारलंच नव्हतं. "नाय," तो म्हणाला.

"मलाही नाही लागत. गुडघे." मिस्त्री उठला. "चालवा बघू. आधी भरलेलं, मग रिकामं."

तासभर इंजन भाताने भरलेलं चाललं. मिस्त्रीने वेताची एक काठी आणली होती. तिचं एक टोक सिलिंडरला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग पट्टा मोकळ्या चाकावर घेतला. काळुरामच्या जागी आता पोपट म्हणून एक गडी होता. तो बिचारा काठी हातभर लांब धरून, निम्मा दाराबाहेर राहूनच काम करायचा. पट्टा सरकला आणि इंजनाने आपले गुण दाखवले. उधळलं, दमलं, पुन्हा उधळलं. खळ्यावरच्या बायका काम टाकून उभ्या राहिल्या. त्यांच्यात शालू होती. दामाजीने तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच.

"माजा हात बघा, मिस्त्री," तो ओरडून म्हणाला. "चावीला लावलेला पन नाय!"

"मी इंजन बघतोय. हात नंतर," मिस्त्री म्हणाला.

मग त्याने एकेक करून सगळं तपासलं. बंबातलं पाणी वाफेबरोबर सिलिंडरात येत असेल तर इंजन असं अडखळतं, म्हणून पाण्याची काच पाहिली. पाणी बेताचं होतं. आतली झडप झिजली असेल म्हणून इंजन थांबवून झाकण उघडलं. झडप ठीक होती. दट्ट्याच्या दांड्याभोवतीची सुतळीची गुंडाळी फार आवळलेली असेल म्हणून ती सैल केली. काही फरक नाही. प्रत्येक वेळी मिस्त्री "हं" म्हणायचा आणि दामाजी पुढच्या भागाकडे आशेने बघायचा. दोष यंत्रात सापडावा म्हणून त्याने म्हसोबाला मनात दहा वेळा हात जोडले. आणि प्रत्येक वेळी यंत्र निर्दोष निघत होतं.

दुपार झाली तसे शेट स्वतः येऊन उभे राहिले.

"काय म्हणतंय, मिस्त्री?"

"एक शेवटचं करतो," मिस्त्री म्हणाला. "गव्हर्नर सोडवतो आणि हाताने चालवून बघतो."

आता हा गव्हर्नर म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंजनाच्या माथ्यावर एक उभा दांडा असतो, त्याला दोन पितळी गोळे लटकवलेले. इंजन फिरलं की दांडा फिरतो, जोरात फिरला की गोळे बाहेर पसरतात, आणि पसरले की दांड्यावरची एक बांगडी वर सरकते. बांगडी वर गेली की वाफेची झडप मिटत जाते. म्हणजे इंजन धावायला लागलं की आपला लगाम आपणच ओढतं. मिस्त्रीने बांगडीपासून झडपेकडे जाणारी दांडी काढली, झडप उघडी अडकवून ठेवली आणि मोठी चावी स्वतःच्या हातात घेतली. पट्टा मोकळ्यावर. इंजन रिकामं.

आणि इंजन चाललं! मिस्त्रीने चावी जराशी उघडली, तसं हळूहळू, एका लयीत चालत राहिलं. उधळणं नाही, कोंडणं नाही. शंभर फेरे झाले, दोनशे झाले.

"झालं तर मग!" शेट म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मिस्त्रीच्या हातात गाय, आणि तुझ्या हातात रेडा. इतके दिवस मला वाटत होतं की गाव उगाच बोलतं. अरे, स्वतःच्या जावयाचा तरी विचार करायचास!"

म्हणजे आपणच. सकाळी हात चावीवर नव्हता, पण ती जास्त उघडून ठेवली होती ती आपल्याच हाताने. दामाजीने हात वर उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. एवढं करून त्याला रडूही आलं नाही, नुसता थकवा आला. आता कोणी 'जा' म्हणालं असतं तर तो तसाच उठून खाडीत चालत गेला असता.

"शेट, माझं संपलेलं नाही," मिस्त्री म्हणाला.

"मला कळायचं ते कळलं."

"तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. तुम्ही जेवून या."

शेट पाय आपटत गेले. बायकाही भाकऱ्या सोडायला खाडीकाठच्या सावलीत गेल्या. इंजन थांबलं. मिस्त्रीने शिडी लावली आणि गुडघ्यांना शिव्या देत वर चढला.

"दामाजी, वर या. ही बांगडी उचला."

दामाजी दुसऱ्या बाजूने चढला. बांगडी उचलली. निम्म्यापर्यंत अलगद सरकली आणि मग एकदम अडली. जोर लावला तेव्हा टचकन वर उडाली आणि तिथेच चिकटून बसली. सोडली तरी खाली येईना. मिस्त्रीने बुक्की मारली तेव्हा धाडकन पडली.

"भरलेलं असतं तेव्हा इंजन बेताने फिरतं. बांगडी खालीच असते, चकचकीत भागावर," मिस्त्री सावकाश बोलू लागला. "रिकामं झालं की तिला वर जावं लागतं. आणि वर ती अडते. अडली की वाफ मिटत नाही, इंजन उधळतं. मग झटका बसून वर जाते, वाफ साफ बंद, इंजन मरायला टेकतं. खाली येतानाही अडते. तुमच्या चावीचा काडीचा संबंध नाही यात. तुम्ही त्या दिवशी इथे नसता, घरी झोपलेले असता, तरी हेच झालं असतं. मी हाताने चालवलं तेव्हा ही बांगडी मधे नव्हती, म्हणून नीट चाललं. समजलं का?"

दामाजीला समजलं. शिडीच्या दांडीवर कपाळ टेकून तो तसाच उभा राहिला. मघाशी न आलेलं रडू आता आलं. आपला हात नव्हता! मचव्याकडे बघितलं असेल, चंची काढली असेल, काहीही असेल, पण हात आपला नव्हता.

"आता अडतंय कशाने ते बघू," मिस्त्री म्हणाला आणि त्याने खिशातली खिळ्याएवढी पटाशी काढून दांडा खरवडला.

काजळीच्या थराखालून लाल पूड पडली. जाड, तेलात मुरून, बंबाच्या उष्णतेने भाजून विटेसारखी झालेली. दांड्याच्या वरच्या भागावर, गोळ्यांच्या सांध्यांत, सगळीकडे.

"शेंदूर?" मिस्त्रीने पूड बोटांवर चोळली. "अहो, हा काय देव आहे का?"

दामाजीचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

होता. देवच होता तो. इंजनघर बांधलं तिथे पूर्वी म्हसोबाचा धोंडा होता. पाया खणताना तो उचलून खाडीच्या काठाला नेऊन ठेवला, आणि गाव धास्तावलं. जागेवरून उठवलेला देव आता यंत्रात शिरला असणार, असं म्हाताऱ्या म्हणायला लागल्या. शालूचं लग्न झालं, काळुराम पट्ट्यावर लागला, आणि पोरीने नवस केला. दर अमावास्येला गिरणी बंद असायची. ती तेल-शेंदराची वाटी घेऊन यायची. माझ्या बाचे आणि माझ्या माणसाचे हातपाय सांभाळ, म्हणायची. चार वर्षांत एक अमावास्या तिने चुकवली नव्हती. तेलात कालवलेला शेंदूर गोळ्यांवरून ओघळायचा, सांध्यांत उतरायचा, दांड्यावर पसरायचा. ती भक्तीने आणखी चोपडायची.

आणि पहिल्यांदा ती खाली चाकाच्या बैठकीला शेंदूर लावायला निघाली, तेव्हा शिडी कोणी धरली होती? "तिथे नको गं, पुसला जाईल," असं हसून कोण म्हणालं होतं? "वर लाव, गोळ्यांना. देवाच्या डोळ्यांसारखे दिसतील." दामाजीच म्हणाला होता.

"कोणी लावला हा?" मिस्त्रीने विचारलं.

"मी."

मिस्त्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "शेंदूर लावताना बोटं उमटलीत बघा इथे. बारीक आहेत. बाईमाणसाची."

दामाजीने मग सगळं सांगितलं. कोण, कधीपासून आणि कशासाठी.

"मिस्त्री, तुमी गावात ऱ्हात नाय. गाव कसं बोलतं मना ठावं. माजं नाव तीन महिने तोंडात घोळवलं त्यांनी. मी म्हातारा, माजं काय. पन हे कळलं तर मरेपर्यंत म्हनतील, हिनेच नवऱ्याचा हात खाल्ला. ते जाऊ द्या. तिला सोताला कळलं तर काय होईल?"

"मग शेटना काय सांगू?"

"सांगा, गव्हर्नर चिकटला. दामाजीने त्याला तेल दिलं नव्हतं म्हनून चिकटला."

"तुमची भाकरी जाईल."

"भाकरी जाईल," दामाजी म्हणाला. "मिठागर कुटं पळून गेलंय?"

मिस्त्री बोटांवरची लाल पूड बघत राहिला. तीस वर्षांत एकाही यंत्राबद्दल खोटं सांगितलं नव्हतं त्याने, आणि त्याची त्याला घमेंडही होती. शेवटी त्याने सुस्कारा सोडला.

"घासलेट आणा. आणि चिंध्या आणा भरपूर. शेट यायच्या आत पितळ दिसलं पाहिजे."

दोघांनी मिळून शेंदूर काढला. काही ठिकाणी पूड निघाली, पण गोळ्यांवरची जाड खोळ अख्खी, भांड्याच्या खरपुडीसारखी सुटून हातात आली. दामाजीने ती खाली पडू दिली नाही, केळीच्या पानात जपून ठेवली. दांडा घासला, सांधे धुतले, तेल सोडलं. बांगडी आता बोटाने उचलली तरी वर जात होती आणि सोडली की आपसूक खाली येत होती.

शेट आले तेव्हा इंजन गव्हर्नर लावून, पट्टा मोकळ्यावर ठेवून रिकामं फिरत होतं. कोणाचाही हात चावीवर नव्हता. मिस्त्री उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत होता.

"गव्हर्नर चिकटला होता," तो जमिनीकडे बघून म्हणाला. "तेल पोचलं नव्हतं. आता ठीक आहे."

"तेल द्यायचं काम कोणाचं?"

मिस्त्री गुडघे चोळत राहिला.

"माजं," दामाजी म्हणाला. "ऱ्हायलं. हयगय झाली, शेट."

शेटनी हात उगारला, मग खाली घेतला. सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की उद्यापासून या माणसाने इंजनघरात पाऊल ठेवायचं नाही. खळ्यावर कुजबूज उठली आणि विरली. मिस्त्रीने आपली काठी आणि पटाशी पिशवीत भरली. जाता जाता तो दामाजीपाशी थांबला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

दामाजी केळीचं पान घेऊन खाडीवर गेला. ओहोटी लागली होती. म्हसोबाचा जुना धोंडा काठावरच्या तिवरांपाशी उघडा पडला होता, चिखलाने माखलेला. त्याच्याजवळ तो पाण्यात पाय सोडून बसला. पाठीमागे पावलं वाजली. मान न वळवताही कोण आहे ते त्याला कळलं.

"खरं हाय?" शालू म्हणाली.

तीन महिन्यांनी ऐकलेला आवाज. त्याला वाटलं, पुन्हा एकदा विचारावं तिने, म्हणजे पुन्हा ऐकता येईल.

"खरं हाय. तेल नाय घातलं मी."

ती धप्पकन त्याच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. दामाजी शिव्याशापांची वाट बघत राहिला. पण ती बोलली ते वेगळंच.

"मग बोलला का नाय रे, बा! मना वाटत व्हतं, माज्याच सेवेत कायतरी खोट ऱ्हायली. तुज्याकडं बघायची लाज वाटायची मना. तू शिडी धरायचास, मी शेंदूर लावायची, आन देवाने तरी हात नेला त्यांचा. रोज इचारायची मी त्याला, कुटं चुकलं माजं म्हनून. रोज!" तिने पदराने तोंड पुसलं. "तुजा राग येतो मना. लय राग येतो. पन आज छातीवरचा धोंडा उतरला."

दामाजी ऐकत राहिला. पोर आपल्यावर रागावली नव्हती, ती तीन महिने स्वतःलाच खात होती. आणि आपण ते पाठ बघून ओळखलं नाही.

तिची नजर पानाकडे गेली. "हे काय?"

"देवाने खोळ टाकली, पोरी. आज आपनहून सुटून हातात आली. पान्यात सोडायला आनली." त्याने धोंड्याकडे बोट दाखवलं. "त्याला यंत्रात नाय ऱ्हायचं म्हनून टाकली असंल. इथून पुढं शेंदूर हितं लाव, त्याच्या जाग्यावर. तिथं गोळ्यांना लावू नको."

शालूने मान डोलावली. दोघांनी मिळून पान पाण्यावर ठेवलं. ते थोडं फिरलं आणि ओहोटीबरोबर निघालं. शालू त्या पानाकडे बघत राहिली, आणि मग लहानपणी विचारायची तशी, हळूच विचारती झाली.

"बा, शेंदूर कमी नव्हता ना पडला माजा?"

"नाय गं," दामाजी म्हणाला. "शेंदूर भरपूर व्हता."